चिकटवलेला किनारा

कोल्हापुरात गणपतीचे देखावे बघायला माणसं पाय मोडेपर्यंत हिंडतात आणि घरी येऊन सगळ्या मंडळांना नावं ठेवतात. पिंपळकट्टा तरुण मंडळाच्या देखाव्याला मात्र सहसा कुणी नावं ठेवायचं नाही, कारण तो भाऊसोच्या हातचा असायचा. भाऊसो दिवसा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत वाळूचे साचे भरायचा आणि श्रावण लागला की कामावरून थेट मंडपात येऊन बसायचा. दुसरी मंडळं निळा कागद पंख्यानं फडफडवून समुद्र म्हणून दाखवायची. भाऊसोला असल्या गोष्टीची भयंकर चीड. पाणी दाखवायचं तर खरं दाखवा, नाहीतर गप घरी बसा, असं तो तोंडावर म्हणायचा. एका वर्षी त्यानं धरण केलं, तर दरवाजे उघडल्यावर पहिल्या रांगेतल्या माणसांच्या चपला भिजल्या. माणसं चिडली नाहीत, उलट 'नाद खुळा' म्हणत दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. भाऊसोचं खोटं नसतंय, असं गल्ली म्हणायची. ते ऐकलं की त्याची छाती फुगायची, आणि का फुगू नये?

मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील. त्याची स्वतःची दगडाची खाण, डंपर, मागं-पुढं चार पोरं. पण भाऊसोला तो अजून धैर्याच. दोघं एकाच तालमीत लाल माती अंगाला लावून मोठे झाले आणि दोघांनी भाकरी खाल्ली ती भाऊसोच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातची. भाऊसोची आई लवकर गेली. त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, मारलं आणि मारल्यावर जवळ घेतलं ते आक्कानंच. राखीला ती दोघांना एकाच पाटावर बसवायची. तिच्या लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यात पुढं धैर्यशील होता.

आक्काचा नवरा कोकणातला, केवणीवाडीचा. एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला म्हणून कोल्हापुरात आला आणि आक्काच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहिला, पुढचं काय सांगायला नको. निवृत्त झाल्यावर तो तिला घेऊन समुद्रकाठच्या आपल्या घरी गेला आणि काही वर्षांनी वारला. सगळ्यांना वाटलं, आता आक्का बोचकं घेऊन परत येणार. कुठली येती! माझी विहीर हाय, माझे माड हायत, मी काय म्हणून येऊ, असं तिनं फोनवर सुनावलं. तिथल्या बायका तिला कोल्हापूरकरीण म्हणायच्या. बचत गट तिनंच उभा केला, आणि तिचा आवाज असा, की वाऱ्याच्या तोंडावर बोलली तरी वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. ती बोलली म्हणजे झालं, असं बायकांचं होऊन बसलं होतं.

तर त्या वर्षी धैर्यशील देखाव्याचा विषय घेऊनच आला. केवणीवाडीच्या समोर समुद्रात भराव टाकून एक बेट उभं राहणार होतं. त्यावर हॉटेलं, बाग, बोटींचा धक्का. देखाव्याचा सगळा खर्च ती कंपनीच करणार होती. आपले डंपर भरावाला लागणार, हेही त्यानं लपवलं नाही. भाऊसोनं हातातलं काम खाली ठेवलं, कारण केवणीवाडीनं ग्रामसभेत बेटाला हरकत घेतली होती आणि हरकत घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असणार? त्यानं विचारलं, की आक्काच्या घराला काही होणार नाही ना. धैर्यशीलनं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"आक्का माझी कोण न्हाय व्हय?" तो म्हणाला.

एवढ्यावर भाऊसोचा प्रश्न मिटला. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

हौद त्यानं पत्र्याचा केला, चांगला ऐसपैस. एका अंगाला भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर लावून एक फळी मागंपुढं हलवली, की लाटा सुटायच्या. दुसऱ्या अंगाला फौंड्रीतली बारीक वाळू पसरून किनारा घातला. किनाऱ्याच्या एका टोकाला खाडीचं तोंड, तिथं वाळूचा ढीग. मग केवणीवाडी. सागवानाच्या ढलप्यांची घरं, ब्रशाच्या केसांचे माड. आक्काचं घर तर त्यानं इतकं जीव लावून केलं, की कौलांची ओळ, पडवीचा कट्टा, डाव्या हाताची विहीर, सगळं जिथल्या तिथं. मंडपाची जागा एका बाजूला निमुळती, म्हणून लाटांची फळी जरा तिरकी बसली. त्यानं काही बिघडलं नाही. लाटा तिरक्या यायच्या, वाळू किनाऱ्याच्या कडेनं हळूहळू पुढं सरकायची, आणि एकीकडची गेली की खाडीकडची तिच्या जागी यायची. दोन दिवस मोटर चालू ठेवली तरी किनारा होता तसाच. भाऊसो बायकोला, शेवंताला, मुद्दाम बघायला घेऊन आला.

मग त्यानं पाण्यात बेट ठेवलं. गिट्टी रचून केलेलं, वर हिरवळ, छोटे दिवे.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघतो, तर किनाऱ्याचं रूपच पालटलेलं. बेटाच्या आडोशाला पाणी निवांत पडलेलं, आणि खाडीकडून येणारी सगळी वाळू तिथंच बसलेली. किनाऱ्याला तिथं पोट सुटलं होतं. आणि पोटाच्या पुढं, जिथं आक्काचं घर, तिथं नवी वाळू पोचतच नव्हती. लाटा मात्र पोचत होत्या. घासभर लचका तोडावा तसा किनारा खाल्लेला, आणि आक्काचं घर विहिरीसकट पाण्याकडं कललेलं.

भाऊसोला आपलीच लाज वाटली. एवढी वर्षं वाळूत काढली आणि किनारा धड घालता येत नाही? त्यानं घर उचलून ठेवलं, वाळू भरली, थापटली. दुसऱ्या दिवशी परत तेच. फळी सरळ करून बघितली, लाटा मंद करून बघितल्या, बेट जरा इकडं, जरा तिकडं सरकवलं. पोट कमी-जास्त सुटायचं, पण लचका काही चुकायचा नाही. तो चिडला, जेवण सोडलं, शेवंतावर उगीच डाफरला. देखावा खुला व्हायची वेळ जवळ आली होती आणि घराण्याचं नाक कापल्यासारखं त्याला झालं होतं.

तेव्हाच धैर्यशील कंपनीच्या इंजिनिअरला घेऊन देखावा दाखवायला आला. ऋतुराज नावाचा तरुण मुलगा, सांगलीकडचा, बोलायला मऊ. दोघं हौदापाशी उभे राहिले. भाऊसो ओशाळून बाजूला उभा. ऋतुराजनं त्या लचक्याकडं बघितलं, वाकून बघितलं, मोबाईलवर फोटो काढला, आणि त्याचा चेहरा एकदम विचित्रच झाला. भाऊसोनं धीर करून विचारलं, की साहेब, कुठं चुकलं आमचं? तुमचं काहीच चुकलेलं नाही काका, असं तो मुलगा म्हणाला. भाऊसोला वाटलं, मोठ्या घरचं पोर हाय, गरिबाला धीर देतंय. मग ऋतुराज धैर्यशीलला बाजूला घेऊन त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि मान खाली घालून गाडीत जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही.

धैर्यशील परत आला, तेव्हा हसत होता. रोज वाळू कोण भरत बसणार, म्हणाला, पक्कं करून टाक. तू तर साचं भरणारा गडी, तुला सांगायला पायजे व्हय?

खरंच की! भाऊसोनं कपाळावर हात मारून घेतला. फौंड्रीत तो दिवसभर दुसरं काय करत होता? वाळूत रेझिन कालवायचं, दाबून भरायचं, थोड्या वेळानं ती दगडासारखी होते. तापलेलं लोखंड ओतलं तरी हलत नाही, ती वाळू हौदातल्या पाण्याला काय दाद देणार! त्यानं डबाभर रेझिन आणलं, सगळा किनारा उकरून कालवून परत घातला. आक्काचं घर मूळच्या जागी रोवलं. वास नाकात बसला, म्हणून धूप जाळला. वरच्या अंगाला, जिथं लाट पोचत नाही, तिथं कोरडी वाळू भुरभुरवली, म्हणजे किनारा मोकळाच वाटावा. ही शेवटची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. ती त्याची स्वतःची कारागिरी.

आता मोटर कितीही फिरू दे. लाटा येत होत्या, फुटत होत्या, परत जात होत्या. बेट झगमगत होतं, आणि केवणीवाडीचा एक कण हलत नव्हता.

घरोघरचे गौरी-गणपती बोळवून झाल्यावर केवणीवाडीच्या बायकांची बस आली. कंपनीनं केलेली. अंबाबाईचं दर्शन, जेवण, आणि दुपारी खास त्यांच्यासाठी पिंपळकट्ट्याचा देखावा. बसमधून पहिली उतरली ती आक्का. तिनं भाऊसोच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ह्यो माझा भाऊ, ह्येनं केलंय सगळं. बायका हौदाभोवती जमल्या. आपापली घरं शोधून दाखवायला लागल्या, माझी चूल ह्या भिंतीमागं, तुझी गोठ्यामागं, असं चाललं होतं. मोटर सुरू झाली, लाटा आल्या. बायका वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

त्यांच्यात धोंडुबाई नावाची एक म्हातारी होती, मासे विकून आयुष्य गेलेली. तिचा कशावर सहज विश्वास बसायचा नाही. तिनं भाऊसोला विचारलं, की वाळू खरी आहे ना रे? भाऊसो हसला. त्याला तो प्रश्न नेहमीचाच वाटला, देखाव्यातलं पाणी खरं का, दिवे खरे का, तसला.

"खरी हाय की. देवाशपथ," तो म्हणाला.

त्यात खोटं काय होतं? वाळू खरीच होती. धोंडुबाईनं आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, की माझ्या भावानं उभ्या जन्मात खोटं पाणी दाखवलं नाही, खोटी वाळू काय दाखवील. झालं, सगळ्या बायका माना हलवायला लागल्या. धैर्यशील मागं उभा होता, हात बांधून. आक्कानं त्यालाही जवळ बोलावून त्याच्या गालावर चापट मारली.

विसर्जनानंतर आक्काचा फोन आला, की ते माझं घर मोडू नको, मला ठेव. भाऊसोनं करवतीच्या पात्यानं तेवढाच तुकडा कापून काढला. घर, विहीर, दोन माड आणि खालचा किनारा, ताटाएवढा. दिवाळीला पोचवला, तेव्हा आक्कानं तो देवाशेजारच्या फडताळात ठेवला. त्याच सुमाराला ग्रामसभा झाली. आक्का उभी राहिली आणि म्हणाली, की मी डोळ्यांनी बघितलंय, लाटा येतात, जातात, किनाऱ्याला काही होत नाही. बायकांनी हात वर केले. हरकत मागं घेतली गेली.

बेट झालं. पहिल्या पावसाळ्यात आक्काचे पुढचे माड आडवे झाले. समुद्र आहे, कधी घेतो कधी देतो, असं ती म्हणाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर विहीर खारट झाली, तेव्हा तिच्या आवाजात भाऊसोला पहिल्यांदा भीती ऐकू आली. तो सुट्टी काढून गगनबावड्याच्या घाटानं खाली उतरला.

किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि जागच्या जागी थिजला. समोर बेट. बेटाच्या आडोशाला पाणी संथ, आणि किनाऱ्याला तिथं पोट सुटलेलं. त्या पोटावर हॉटेलवाल्यांनी छत्र्या आणि खुर्च्या मांडल्या होत्या. आणि पोटाच्या पुढं लचका. तोच. त्याच वळणाचा, त्याच जागी. हौदात त्यानं तो रोज हातानं बुजवला होता, त्याची कड त्याला तोंडपाठ होती. लाटा तिरक्या येत होत्या, अगदी त्याच्या तिरक्या फळीसारख्या. तुमचं काहीच चुकलेलं नाही काका. तो मुलगा धीर देत नव्हता. तो खरं सांगत होता.

आक्का शेजारी उभी होती. तिच्या मनात भावाबद्दल एवढासाही किंतु नव्हता, हेच भाऊसोला सहन होईना.

"तू केलतंस तसं त्यांनी बांधलंच न्हाय," ती म्हणाली. "तुझ्या देखाव्यात कुठं असं झालं? त्यांनी फसवलं बघ आपल्याला."

वाडीत आता लोक कुजबुजत होते, की कोल्हापूरकरणीला कंपनीनं विकत घेतलं. बचत गटाच्या बैठकीला बायका येईनाशा झाल्या होत्या. आक्कानं हे सांगितलं ते हसत, पण सांगताना ती पदराचं टोक सारखं पिळत होती. भाऊसोच्या जिभेवर खरं आलं होतं. पण त्यानं ते गिळलं. आधी धैर्याला विचारू, मग सांगू, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. माणूस भित्रा झाला की त्याला आधी करायची कामं बरोबर सापडतात.

धैर्यशील सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जायचा. भाऊसोनं त्याला तिथं गाठलं आणि विचारलं, की त्या दिवशी तो इंजिनिअर तुझ्या कानात काय बोलला. कुठला दिवस, कोण इंजिनिअर, असं धैर्यशीलनं करून बघितलं. भाऊसो वाटेतून हलला नाही. मग धैर्यशील वैतागला.

"काय बोलणार? आमच्या अभ्यासात जसं आलंय, तसंच ह्यांच्या हौदात झालंय म्हणाला. तुझं चुकलंच न्हवतं, भाऊ. बरोबर आलंतं. बरोबर आलंतं म्हणून तर चिकटवायला लावलं."

भाऊसोला वाटलं, ह्याला उचलून आपटावा, तालमीत आपटायचो तसा. हात उचलेनात. त्यानं एवढंच विचारलं, की आणि आक्का? आक्का तिथं राहते हे तुला ठाऊक नव्हतं?

धैर्यशीलनं पाण्याकडं बघितलं. खोटं बोलायचा त्याला कंटाळा आला असावा.

"आक्का हुती म्हणून तर बस आणली," तो म्हणाला. "तिचा इश्वास कंपनीवर न्हवता, माझ्यावर बी न्हवता. तुझ्यावर हुता."

मग तो आणखी बरंच बोलला. आक्काला दुसरीकडं जागा बघून देऊ, मी बोलतो वर, तू डोक्यात राख घालू नको. भाऊसो चालायला लागला होता. ज्याच्या ताटातलं उष्टं खाल्लं, त्यानं आपला हात धरून आपल्याच बहिणीचं घर पाडलं होतं. आणि आपण काय केलं? वरून वाळू भुरभुरवली. त्याला रस्त्यातच रडू कोसळलं, आणि फिरायला आलेली माणसं बघत बघत पुढं गेली.

तरीही त्यानं आक्काला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत पुढचा आषाढ आला. उधाणाच्या भरतीला पडवी गेली, मग देवाची खोली, मग राहिलेली भिंत. आक्का त्या वेळी शाळेच्या इमारतीत होती म्हणून वाचली. चार दिवसांनी ती एक पिशवी घेऊन कोल्हापूरला आली. शेवंतानं तिला पाणी दिलं, पाय धुवायला लावले. आक्का बसली, पण बोलेना. तिचा तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

मग तिनं पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि भाऊसोच्या पुढ्यात ठेवलं. घर, विहीर, दोन माड, खाली किनारा. रंग उडाला होता, एक माड मोडला होता. बाकी जसंच्या तसं.

"फडताळ गेलं, देव गेलं," ती म्हणाली. "ह्ये तेवढं पोरास्नी गाळात सापडलं. भरत्या-ओहोट्या खाऊन बी ह्येचा एक कण पडला न्हाय."

तिनं नखानं वाळू खरवडली. नख मोडलं, वाळू हलली नाही.

"काय घातलतंस ह्यात, भाऊसो?"

शेवंता चुलीकडं निघून गेली. भाऊसोनं सांगितलं. हौदात लचका कसा पडला, तो रोज कसा भरला, धैर्यशील काय म्हणाला, रेझिन कुठून आणलं. वरून भुरभुरवलेली वाळूही सांगितली. रंकाळ्यावरचं बोलणं सांगितलं, आणि ते होऊन किती दिवस झाले तेही सांगितलं. सांगताना तो तिच्या पायाशी सरकत गेला, लहानपणी मार खाल्ल्यावर सरकायचा तसा. आक्कानं पाय मागं घेतले.

धैर्यशीलचं ऐकून तिला धक्का बसला नाही. तसल्यांकडनं आणि काय होणार, एवढंच ती म्हणाली. ती बघत होती ती भाऊसोकडं, एखाद्या परक्या माणसाकडं बघावं तशी.

"पाण्यानं घर नेलं त्येचं मला काय न्हाय," ती म्हणाली. "मी तुझं नाव सांगून बायकांचं हात वर करायला लावलं. चल तिथं, आणि ह्ये सगळं त्यांच्या म्होरं सांग. मी तुझ्या शेजारी उभी ऱ्हाणार न्हाय. मी बायकांत बसणार."

एसटीत ती बायकांच्या जागेवर बसली, तो मागं. गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं चहा नेऊन दिला, तो तिनं घेतला नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. भाऊसो टेबलापाशी उभा राहिला, तुकडा समोर ठेवला, आणि बोलला. त्याला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कुणी आलं नाही. माणसं ऐकत होती. एकदोघांनी येऊन तो तुकडा हातात घेतला, वाळू नखानं उकरून बघितली आणि ठेवून दिला. त्यानं धैर्यशीलचं नाव घेतलं, स्वतःचंही घेतलं. शेवटी तो ज्यासाठी आला होता ते बोलला. आक्काला ह्यातलं काहीच ठावं न्हवतं, तिला बोल लावू नका. ती माझ्यावर इश्वास ठिवून बोलली, आणि मी तिला फसवलं.

मग धोंडुबाई उठली. तिनं आक्काकडं बोट केलं आणि भाऊसोला विचारलं, "आणि तिका ठावक नाय होता?"

"न्हाय," भाऊसो म्हणाला. "देवाशपथ न्हाय."

वाळूच्या वेळीही तू देवाचीच शपथ घेतली होतीस, एवढंच धोंडुबाई म्हणाली आणि खाली बसली.

जन्मात पहिल्यांदा भाऊसो सगळ्यांसमोर आक्काच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि द्यायला त्याच्याकडं त्याचा शब्द तेवढा होता. तो कुणालाच नको होता. आक्काच्या दोन्ही अंगाला बसलेल्या बायकांनी पदर सावरले आणि जरा जरा बाजूला सरकल्या.

आक्का उठली. तिनं टेबलावरचा तुकडा उचलला, पदराखाली घेतला आणि पटांगणाबाहेर पडली. भाऊसो फाटकापर्यंत तिच्या मागं गेला. पायाच्या सवयीनं ती घराकडं वळली होती. बरीच पुढं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती थांबली. तिकडं आता पाणी होतं.